मानेला कधी काही झालं होतं का?

माझा ब्लाऊज खांद्यावरून घसरतो. लग्नात शिवलेल्या पहिल्या ब्लाऊजपासून घसरतोय. भुसावळला आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत, त्या माप घेताना दरवेळी टेप दोनदा लावून बघतात आणि म्हणतात, तुझा खांदा कसा काय गं इतका आखूड, छाती बाईची आणि खांदा शाळेतल्या पोरीचा. मी म्हणायची, आमच्या माहेरी सगळ्यांचा असाच आहे. ते खोटं होतं. माझ्या दोन्ही बहिणी आबांवर गेल्यात, रुंद खांद्याच्या. माझी मानसुद्धा बारीक आहे, लग्नाच्या फोटोत तर उठूनच दिसते, पाहुण्या बाया म्हणायच्या किती नाजूक मान आहे सुनेची, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. ती नाजूक नाहीये. ती माझ्या अकराव्या वर्षी वाढायची मंदावली, आणि का मंदावली हे मला एकोणचाळीसाव्या वर्षी नीट कळलं.

१९९३ च्या दिवाळीत माझ्या मानेला डाव्या बाजूने गाठी आल्या. माहेर यावल तालुक्यातलं, केळीचा पट्टा. आमच्याकडे मानेत गाठ म्हटलं की गंडमाळ, म्हणजे टीबी, आणि डॉक्टरांनी टीबीच्याच गोळ्या चालू केल्या. चार महिने गोळ्या झाल्या, लघवी लाल व्हायची पण गाठी तशाच, उलट काखेतही आली. मग जळगावला एका डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली आणि आबांना केबिनमध्ये एकट्याला बोलावलं. आबा बाहेर आले ते सरळ रसवंतीवर गेले आणि मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही प्यायले, एवढं आठवतं. दोन दिवसांनी रात्रीच्या गाडीने आम्ही दादर.

हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. हे नाव मी तेव्हा ऐकलंच नव्हतं, मला 'गाठी' एवढंच सांगितलेलं. परळला टाटामध्ये सहा महिने सलाईनमधून औषधं झाली, त्यात एक लाल रंगाचं होतं, ते आलं की बाजूच्या खाटेवरची पोरं तोंड फिरवून घ्यायची. ते सगळं झाल्यावर ऑक्टोबर १९९४ मध्ये शेक.

शेक हा आमच्या लोकांचा शब्द. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचो, तिथे रेडिएशन कोणीच म्हणत नव्हतं, संध्याकाळी स्टोव्हजवळ बाया एकमेकींना विचारायच्या, कितवा शेक झाला पोराचा? आणि शेक म्हणजे काय तर कंबर धरली की वीट तापवून फडक्यात गुंडाळून देतात ते. त्याने कोणाचं वाईट झालेलं आम्ही पाहिलेलं नव्हतं.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. भिंतीएवढं जाड दार, आत खूप थंड, मध्ये मशीन. आधी माझ्या मानेवर, छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारलेल्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून माय मला आंघोळ घालायची नाही, ओल्या फडक्याने रेघा सोडून सोडून पुसायची. टेबलवर झोपलं की लाईट बंद करायचे आणि मशीनमधून उजेडाचा एक मोठा चौकोन छातीवर पडायचा. मग मशीनवाले मामा एका प्लास्टिकच्या ट्रेवर शिशाचे ठोकळे ठेवायचे, जड, दोन्ही हातांनी उचलायला लागायचे, आणि ठोकळे ठेवले की माझ्या छातीवर त्यांच्या दोन सावल्या पडायच्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. मी एकदा विचारलं हे कशाला? ते म्हणाले, ही तुझी फुफ्फुसं, त्यांना नको लागायला म्हणून. मग सगळे बाहेर जायचे, दार लागायचं, आणि मी आकडे मोजायची. नंतर पालथं करून पाठीमागून परत तेच. काही दुखत नाही. काही दिसत नाही. सोमवार ते शुक्रवार, असे चौदा वेळा.

फुफ्फुसांवर सावली होती. जिथे सावली नव्हती तिथे काय काय होतं हे मी आता मोजते. गळ्यात थायरॉईड होतं. मधोमध हृदय होतं, त्याच्या झडपा, त्याच्या रक्तवाहिन्या. गळ्याची दोन हाडं होती जी अजून लांब व्हायची बाकी होती. लाळेच्या ग्रंथींचा काही भाग. आणि छाती, जी अजून आलेलीच नव्हती.

मला कोणी चुकीचं समजू नका. त्या शेकानेच मी जिवंत आहे. हॉजकिन्समध्ये आज बहुतेक मुलं बरी होतात, आणि तेव्हा ज्यांनी मला बरं केलं त्यांचे उपकार मी विसरले तर माणूस म्हणून घ्यायची लायकी नाही माझी. पण शरीर उपकार आणि हिशोब दोन्ही ठेवतं. ज्युलिओ डॅन्जिओ नावाचे अमेरिकेतले रेडिएशनचे मोठे डॉक्टर होते, त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की पोरगं नुसतं बरं होणं पुरेसं नाही. म्हणजे माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधी हे माहिती होतं. आणि भारतात काहीच नव्हतं असंही नाही बरं का, टाटामध्ये १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, ॲक्ट क्लिनिक म्हणतात, मी स्वतः तिथे जायची. वर्षातून एकदा. वजन, उंची, मान चाचपून बघायचे, रक्त घ्यायचे, शाळेचं विचारायचे.

मग आम्ही जाणं सोडलं.

२००१ ची गोष्ट. मी अठरा वर्षांची. दादर स्टेशनला आमच्या गावातल्या एका घरच्यांनी आबांना आणि मला पाहिलं, हातात ती पिवळी फाईल. आठ दिवसांत कोणीतरी मायला विचारलं, पोरीचं अजून चालूच आहे का वं? त्यावर्षीपासून स्थळं बघायची होती. आबांनी फाईल पत्र्याच्या पेटीत टाकली, सातबारे आणि सोसायटीच्या पावत्यांच्या खाली, आणि पेटीला कुलूप. रेल्वेत कॅन्सर पेशंटला तपासणीला जायला सवलत असते, आज तर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्याला ७५ टक्के, पण आबांनी ती सवलत आयुष्यात घेतली नाही. भुसावळमध्ये दर तिसऱ्या घरात रेल्वेवाला. खिडकीवर फॉर्म दिला की बातमी आपल्याआधी घरी पोचणार. पूर्ण भाडं भरून गेलो आम्ही सात वर्षं, केळीचे भाव पडलेले तेव्हाही.

मी आबांना दोष देत नाही, आधी दिला, खूप दिला, आता नाही देत. आमच्या समाजात पोरीच्या बापाने तेव्हा दुसरं काय केलं असतं हे मला अजूनही सांगता येत नाही.

लग्न २००५ मध्ये झालं. सासरी कोणाला माहिती नव्हतं. २०१० मध्ये मी सत्तावीसची असताना मला काहीतरी व्हायला लागलं, काय ते सांगता येत नव्हतं. सकाळी उठवायचं नाही. केस हातात यायचे. मे महिन्यात, भुसावळच्या मे महिन्यात, जिथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे मला थंडी वाजायची आणि मी दुपारी शाल घेऊन बसायची. चेहरा सुजलेला. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. सासूबाई वाईट नव्हत्या पण त्याही म्हणायला लागल्या की सुनेच्या अंगात आळस भरलाय. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड मंदावलं की जे वाढतं ते टीएसएच साठच्या वर. त्यांनी माझ्या गळ्याला हात लावला, जरा वेळ चाचपत राहिल्या, मग विचारलं, लहानपणी मानेला कधी काही झालं होतं का? काही शेक वगैरे?

सासूबाई बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या, मांडीवर पिशवी.

मी म्हणाले, नाही.

त्यांनी गोळी दिली, पन्नासची, मग शंभरची. दोन महिन्यांत मी माणसात आले. २०१२ मध्ये मुलगी झाली. सगळे म्हणाले चला, थायरॉईड होतं, गेलं. पण त्या बाईंनी नेमका प्रश्न विचारला होता. माझ्या एका 'नाही'ने त्यांनी पुढचं दार लावून घेतलं, आणि त्या दारामागे काय होतं ते मला बारा वर्षांनी कळलं. मानेला शेक मिळालेल्यांना थायरॉईड मंदावणं ही फार कॉमन गोष्ट आहे, त्याला गोळी आहे. पण त्याच गळ्यात पुढे गाठी होऊ शकतात, त्यातली एखादी कॅन्सरची असू शकते, म्हणून दरवर्षी गळा तपासायचा असतो. साध्या थायरॉईडच्या पेशंटचा असा कोण तपासतं?

आणि तो गळा झाला फक्त.

आबा केळीच्या बाबतीत एक सांगायचे. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की बाग त्या दिवशी उभीच दिसते, पानं जरा पिवळी पडतात, बस. पण खोडाच्या पोटात घड तयार होत असताना ज्या झाडाने थंडी खाल्ली, त्याचा घड नंतर बाहेर पडताना अडकतो, गळ्यातच दाटतो, वेडावाकडा येतो. तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि नवा माणूस विचारतो, पाणी कमी पडलं का, खत चुकलं का? जुना शेतकरी म्हणतो, नाही, ही जानेवारीची थंडी आहे. मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि मला कधी वाटलं नाही की हे माझ्याबद्दल आहे. वाढणाऱ्या अंगावर पडलेली किरणं अशीच असतात. पेशीला आत जो मार बसतो तो ती पेशी वाटून वाटून पुढे नेत राहते, हाडाची वाढायची जागा मंदावते ती लगेच दिसत नाही, बाकीचं अंग वाढतं आणि मग ती जागा मागे राहिलेली दिसते. रक्तवाहिनीचं अस्तर वर्षानुवर्षं जाड होत जातं. आणि मग तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी काही निघालं तर सगळे आजूबाजूला कारण शोधतात.

२०२२ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी माहेरी गेले होते, खापरावरचे मांडे चालू होते, अंगणातल्या निंबाला पोरींचा झोका बांधलेला. शेजारच्या घरातली सून आली, मला म्हणाली ताई जरा इकडे या, आणि मागच्या दाराशी नेऊन हळूच म्हणाली की तिच्या नऊ वर्षांच्या पोरीला ब्लड कॅन्सर निघालाय, उद्या मुंबईला निघतोय. मी तिचा हात धरला. मग ती म्हणाली, "ताई, तुले बी झालतं ना वं लहानपणी? तू तर चांगली हाये. म्हणून तुले विचारायले आली."

ही सून गावात आली २०१० मध्ये. माझा आजार १९९४ चा. तिला कोणी सांगितलं? तर म्हणे सगळ्यांनाच माहिती आहे.

सगळ्या गावाला माहिती होतं. एकवीस वर्षं पेटीला कुलूप होतं आणि ते ज्या गावापासून लपवायचं होतं त्याला सगळं ठाऊक होतं, माहिती नव्हतं ते फक्त माझ्या सासरी आणि माझ्या डॉक्टरांना.

त्या रात्री मी आबांना म्हटलं, फाईल द्या. त्यांनी काही न बोलता चावी काढली. फाईलच्या कडा कसरीने खाल्लेल्या, पण आतले कागद शाबूत होते. एका कागदावर माणसाच्या धडाचं छापील चित्र, त्यावर पेनाने काढलेला तो चौकोन, आत दोन ठोकळे, आणि खाली लिहिलेलं, रोज १८० सेंटीग्रे (हे किरणं मोजायचं माप), १४ वेळा, एकूण २५२०. त्या लाल औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम गेलं त्याची बेरीज वेगळ्या कागदावर. मी रात्री दोनपर्यंत मोबाईलवर एकेक शब्द घालून वाचत होते.

अमेरिकेत १९९४ मध्येच, म्हणजे मी त्या टेबलवर आकडे मोजत होते त्याच वर्षी, लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेल्यांचा एक मोठा अभ्यास चालू झाला. १९७० ते १९८६ मध्ये आजार झालेली मुलं आणि तुलनेसाठी त्यांचीच सख्खी भावंडं. २००६ मध्ये त्यांनी दहा हजारांवर लोकांचा हिशोब मांडला, तर ६२ टक्के लोकांना काही ना काही कायमचा आजार होता, चारात एकापेक्षा जास्त जणांना गंभीर किंवा जिवावर बेतणारा, आणि असा गंभीर आजार होण्याचं प्रमाण भावंडांच्या आठ पट. मला माझ्या बहिणींचे खांदे आठवले. पुढे वाचलं, छातीला शेक मिळालेल्या मुलींत पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ३० टक्के निघालंय. म्हणून सांगतात की वयाची २५ वर्षं किंवा शेकानंतर ८ वर्षं, जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करा. माझं ते २००८ पासून चालू व्हायला हवं होतं. २००८ मध्ये मी सासूबाईंसोबत बिबडे वाळत घालत होते गच्चीवर, छातीला पदर घट्ट धरून.

नवऱ्याला सांगितलं ते भुसावळला परत आल्यावर, जेवताना. लग्नाला सतरा वर्षं झालेली. मी कितीतरी वेळा मनात हे बोललेले, रडून, पाय धरून, पण प्रत्यक्षात फाईल ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं हे वाचा. यांनी वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "म्हणून तू भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी पिते का?" म्हटलं हो, लाळ कमी आहे. कळण्याची भाकरी आणि ठेचा, आमचं रोजचं जेवण, मला कधी कोरडं गिळलं नाही, आणि हे माणूस सतरा वर्षं बघत होतं आणि त्याला वाटायचं सवय आहे. रागावले, नाही असं नाही. दोन-तीन दिवस बोलले नाहीत. राग आजाराचा नव्हता. म्हणाले, त्या दोन वेळा तुझे दिवस गेले आणि पडलं, तेव्हा तरी सांगायचं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आजही नाही.

फाईल घेऊन मुंबईला गेलो. एकवीस वर्षांनी त्याच क्लिनिकमध्ये, केस नंबर तोच. तिथल्या डॉक्टरांनी उशीर का केला असं एका शब्दाने विचारलं नाही, फक्त म्हणाल्या बरं झालं आलात. एको केला त्यात हृदयाची एक झडप थोडी जाड झालेली, थोडी गळते, आज काही करायचं नाही पण दरवेळी बघायचं, बीपी वाढू द्यायचं नाही. गळ्याची सोनोग्राफी झाली, एक बारीक गाठ, सुईने तपासली, साधी निघाली. छातीचा एमआरआय पहिल्या वर्षी करताना मी त्या नळकांड्यात परत आकडे मोजले. आतापर्यंत स्वच्छ आलाय.

माझं एक चिंतेचं मूळ मुलगी होती. माझ्या किरणांचं तिच्यात काही गेलं का? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हे खूप मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय आणि वाचलेल्यांच्या मुलांमध्ये जन्मजात दोष जास्त असल्याचं दिसलेलं नाही. (पोटाला शेक मिळालेल्या मुलींना पुढे गर्भपात, कमी दिवसांचं बाळ असे त्रास होऊ शकतात, ते वेगळं, ते गर्भाशयाचं आहे.) हे वाक्य माझ्या मायला १९९४ मध्ये कोणी सांगितलं असतं तर. ती गेली २०१९ ला. स्थळं बघताना तिला जी भीती होती ती मुख्य हीच होती.

आणि मला धर्मशाळेतला तो साक्रीकडचा मुलगा आठवतो, माझ्याहून लहान, पाच-सहा वर्षांचा, ब्लड कॅन्सर होता, त्याला डोक्याचा शेक होता. दिवसभर जिन्यावर बसून बसची तिकिटं मोजायचा. त्या काळात आजार मेंदूत शिरू नये म्हणून असा शेक देत, आणि त्यानेच खूप पोरं वाचली. पण अशा मुलांची उंची कमी राहू शकते, शाळेत लक्ष टिकत नाही, गणित हळू होतं, पाठांतर निसटतं. नंतर आबांना त्याचे वडील एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, पोरगं चांगलं आहे पण ढ निघालं, नववीतून काढलं. ढ नव्हता तो! कोणी त्या मास्तरांना सांगायला पाहिजे होतं की याला पेपरला अर्धा तास जास्त द्या, पुढच्या बाकावर बसवा. पण मास्तरांना सांगायचं म्हणजे कॅन्सर सांगायचा. आता बऱ्याच ब्लड कॅन्सरच्या मुलांना डोक्याचा शेक देतच नाहीत, औषधांवर भागवतात, आणि खारघरला प्रोटॉनचं मशीनही आलंय ज्यात शेजारच्या अवयवांना किरणं कमी लागतात, म्हणजे नव्या पोरांचं आमच्यापेक्षा बरं होईल. पण आम्ही जुने लोक आहोत ना अजून. तीस-चाळीस वर्षांचे, कोणी केळीच्या ट्रकवर, कोणी झेडपीच्या शाळेत, पेटीत फाईल आणि तोंडाला कुलूप.

शेजारच्या पोरीची ट्रीटमेंट मागच्या वर्षी संपली. तिची आई मला फोन करून विचारत असते. मी तिला सांगितलंय की डिस्चार्जचा कागद लॅमिनेट करू नको, अक्षरं उडाली की काही करता येत नाही, फोटो काढ, दोघा-तिघांच्या मोबाईलवर ठेव, कोणतं औषध एकूण किती गेलं ते डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घे, शेक दिला नसेल तर नाही दिला तेही लिहून घे. आणि पोरीला सांग. बारा-तेराची झाली की तिच्या हातात दे. तिने विचारलं, "आणि लग्नाचं?" मी म्हटलं, विचारायला आले की माझ्याकडे पाठव.

माझी पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये आहे. यावेळी सवलतीचा फॉर्म भरला, खिडकीवरच्या माणसाने नाव वाचून मान वर केली, ओळखीचाच होता, आणि शिक्का मारून दिला. परवा आबांना फोनवर सांगितलं. आबा आता ऐंशीचे झालेत, गुडघे गेलेत, बागेत पण बैलगाडीने जातात. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोबतच्याचं तिकीट काढलं का? नसेल काढलं तर मी येतो संगे."